कागद आधी, गोष्ट मागाहून

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. आदल्या दिवशी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार चार दशकांहून अधिक काळ ही मागणी लावून धरत होते. आमच्या गडहिंग्लज भागातला माणूस अपिलाच्या तारखेला आधी एस.टी.ने कोल्हापूर गाठायचा, रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचा, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचा आणि केस बोर्डावर पुकारली गेली नाही की त्याच गाडीनं परत यायचा. म्हाताऱ्या माणसांनी या खेपांपायी अपिलं सोडून दिलेली मी पाहिली आहेत. ही फरफट थांबली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण तेव्हापासून पक्षकारांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येतं: "इथं नाही जमलं तर कोल्हापूरला जाऊ की, वकीलसाहेब!" त्यांना मी जे समजावून सांगतो, तेच इथे सगळ्यांसाठी लिहितो आहे. जमिनीचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात चालतो, पहिलं अपील जिल्हा न्यायालयात होतं आणि उच्च न्यायालयात दुसरं अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर दाखल होतं. बांध कुणी कोरला, पैसे कुणी दिले, वहिवाट कुणाची, हे सारं खाली ठरलेलं असतं. वरच्या कोर्टात पोचते ती तालुक्यात तयार झालेली फाईल. तिच्यात जो कागद नाही, तो वर जाऊन उगवत नाही.

माझे सीनियर पक्षकार समोर बसला की म्हणायचे, "कागद आधी, गोष्ट मागाहून." पक्षकार दुखावलेला असतो, त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं असतं. सीनियर पिशवी रिकामी करायला लावायचे, कागद तारखेप्रमाणे लावायचे आणि मगच विचारायचे, "आता बोला." त्या कागदांवरच्या तारखाच बहुतेक वेळा सांगून टाकायच्या, की अजून हातात काही आहे की मुदत निघून गेली आहे. इतकी वर्षं तालुक्याच्या कोर्टात काढल्यावर माझंही तेच मत झालं आहे. आमच्याकडचे लोक खोटे आहेत म्हणून फारसे हरत नाहीत. ते उशिरा येतात म्हणून हरतात.

तेव्हा आधी मुदतींचं सांगतो.

कोर्टाचं समन्स घेऊन बेलिफ दारात आला तर ते घ्या. "घेतलं नाही म्हणजे केस चालत नाही" हा समज गावोगावी आहे आणि त्यानं कितीतरी घरं बुडवली आहेत. समन्स नाकारलं तर तसा शेरा होतो, दाराला चिकटवलं जातं आणि बजावणी झाली असं धरलं जातं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. कारण दाखवलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वेळ देऊ शकतं. त्यानंतर दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घेण्याची मुदतही ३० दिवसांचीच आहे. समन्स घेतलं म्हणजे समोरच्याचं म्हणणं कबूल केलं, असं अजिबात होत नाही.

हातउसने दिलेले पैसे तीन वर्षांत मागावे लागतात. सोयरा आहे, पाव्हणा आहे, मागायचं कसं म्हणून चौथं वर्ष लागतं आणि हक्क जातो. भांडायचं नसेल तर भांडू नका, पण तीन वर्षं पुरी व्हायच्या आत त्याच्याकडून सहीनिशी एक ओळ लिहून घ्या, की अमुक रक्कम देणं आहे. त्या तारखेपासून मुदत नव्यानं मोजतात. चेकचं गणित यापेक्षा कडक आहे. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत भरायचा. परत आला तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस पोचल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. "देतो, देतो" म्हणत तो तुमचे हे ३० दिवस खातो. नोटीस पाठवून ठेवा. त्यानं पैसे दिले तर तक्रार करायची गरजच उरत नाही.

अपघातात घरातलं माणूस गेलं की पहिले काही महिने कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. तरी घरातल्या एका जाणत्यानं लक्षात ठेवावं, की मोटार अपघात भरपाईच्या अर्जाला एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तरी मार्ग बंद होत नाही. त्याच महिन्यापासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात, आणि चौकशी महसूल अधिकाऱ्यामार्फत होते. शेतकरी कुटुंबातलं माणूस वीज पडून, साप चावून, विहिरीत पडून किंवा रस्त्यावर गेलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाखांपर्यंत मदत मिळते. तो अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. दहावा, तेरावा, मासिक यात महिना कसा जातो कळत नाही. म्हणून शेजाऱ्यानं, भावकीतल्या कुणी पुढाकार घेऊन सातबारा, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल गोळा करावा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यावा. गेलेल्या माणसासाठी भावकीला करता येण्याजोगं हे फार मोठं काम आहे.

आता सातबारा. आमच्या कोर्टातले निम्मे तंटे इथूनच जन्मतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही आणि नाव नाही म्हणून हक्क गेला, असंही नाही. जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदणीतली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात, एवढाच तिचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलं आहे, की फेरफार ही महसुलासाठी केलेली नोंद असते. तिनं मालकी निर्माण होत नाही. मालकी येते खरेदीखतानं, वाटणीनं, वारशानं, हुकूमनाम्यानं. पण हेही खरं, की एकदा चुकीची नोंद पडली आणि तिच्यावर बँकेचा बोजा चढला, पुढे विक्री झाली, तर ती पुसायला आयुष्य जातं. म्हणून वर्षातून एकदा, उसाचं बिल हातात आल्यावर म्हणा किंवा दिवाळीत म्हणा, आपल्या प्रत्येक गटाचा सातबारा आणि आठ-अ काढून घरात मोठ्यानं वाचा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. इतर हक्काचा रकाना नीट बघा. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, रस्ता हे सगळं तिथं असतं.

बाप वारला की तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं सरकारनं ठरवलं आहे, पण गावात तलाठीच चालतं.) ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही अर्ज करता येतो. आमच्याकडे आजोबाचं नाव सातबाऱ्यावर तसंच ठेवून नातू शेत कसतात, आणि एकदम चौतीस वारसांच्या सह्यांची गरज पडते तेव्हा एक पुण्यात, एक बेळगावात, एकीचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, अशी गत होते. राज्य सरकारनं २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी, मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावण्यासाठी. मोहीम असो वा नसो, वारस नोंद हा तुमचा नेहमीचा अधिकार आहे.

फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. तुमचा विरोध असेल तर चावडीत तोंडी सांगून घरी येऊ नका. दोन ओळींचा अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. लेखी हरकत आली की नोंद तक्रारी नोंद होते, सुनावणी लागते. मंजूर झालेल्या नोंदीविरुद्ध प्रांताकडे अपिलाला ६० दिवस आहेत. वीस वर्षांपूर्वीचा फेरफार घेऊन लोक येतात, तेव्हा उशिराचं कारण सांगण्यातच निम्मी लढाई खर्च होते.

आणि आता बहिणींचं. याबाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः हिस्सेदार आहे. त्या दिवशी बाप हयात होता की नव्हता, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात मिटवला. बाप हयात नसला तरी हक्क आहे. मुलीचं लग्न कधी झालं, किती हुंडा दिला, बाळंतपणं कुणी केली, याचा या हिश्शाशी संबंध नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं वाटप झालं असेल तेवढंच शाबूत राहतं. "आमची तोंडी वाटणी झालीय" हे सांगणं आता सहज मान्य होत नाही.

भावांना माझं सांगणं असं, की तलाठ्यासमोर बहिणीचा जबाब घेऊन तिचं नाव कमी होत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. आणि बहिणींना सांगणं, की सही करायच्या आधी दस्त घरी आणा, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. दस्तात कोणते गट लिहिलेत ते मोजा. एका गटाचं हक्कसोड म्हणून बोलावून सगळ्या मिळकतीचा दस्त समोर ठेवल्याची प्रकरणं मी चालवली आहेत. बहिणीनं राजीखुशीनं हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण राखीपौर्णिमेला माहेर तुटेल या धाकानं केलेली सही राजीखुशीची नसते. एक गोष्ट मला चांगली वाटते. अलीकडे काही घरांतले तरुण भाऊच बहिणीला घेऊन येतात आणि विचारतात, हिचा हिस्सा कसा लावायचा? अशा घरात वाटणी सोपी असते. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही.

बांधाच्या भांडणात आधी कुदळ हातात घेऊ नका, मोजणीचा अर्ज हातात घ्या. भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या, लगतधारकांना नोटिसा गेल्यात याची खात्री करा, हद्दीच्या खुणा दाखवताना हजर राहा आणि 'क' प्रत जपून ठेवा. तहसीलदारांकडे रस्त्यासाठी दोन वेगळे अर्ज असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. तुमच्या शेताला रस्ताच नसेल तर संहितेचं कलम १४३, बांधावरून नवीन रस्ता मागण्यासाठी. पूर्वापार रस्ता कुणी नांगरून किंवा काटे टाकून अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा. या दुसऱ्याला अडवल्यापासून सहा महिन्यांचीच मुदत आहे. "यंदाचा हंगाम जाऊ दे, मग बघू" म्हटलं की सहा महिने गेलेच. मे २०२५ च्या शासन निर्णयानंतर शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याची सोय झाली आहे. रस्ता मिळाला की ती नोंद करूनच घ्या, नाहीतर पुढची पिढी पुन्हा तिथंच उभी राहील.

पूर्वीच्या अदलाबदलीमुळे नाव एकाचं आणि ताबा दुसऱ्याचा, असं असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेली सलोखा योजना डोळ्यांसमोर ठेवा. किमान १२ वर्षांचा परस्पर ताबा असलेल्या शेतकऱ्यांना नाममात्र एक हजार मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फीमध्ये अदलाबदल दस्त करता येतो. एरवी एवढ्यात दाव्याचा टंकलेखनाचा खर्चही निघत नाही. योजनेची मुदत चालू आहे का, तेवढं दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्या.

जमीन घेताना 'नोटरी केलंय' या शब्दावर कधीही पैसे मोजू नका. नोटरी सह्यांची साक्ष ठेवते, जमीन तुमच्या नावे करत नाही. खरेदीखत नोंदणीकृत हवं, सूची क्रमांक दोन काढून बघायला हवी, तीस वर्षांचा शोध घ्यायला हवा आणि विकणाऱ्याच्या भावकीला एकदा तोंडावर विचारायला हवं. तुकडेबंदीचे नियम अलीकडे वरचेवर बदलले आहेत, तेव्हा एजंटाच्या तोंडावर विसंबू नका. खासगी सावकारानं कर्जापोटी खरेदीखत करून घेतलं असेल तर मात्र निराश होऊ नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा आहे. त्याच्या कलम १८ खाली पंधरा वर्षांपर्यंतच्या अशा व्यवहारांची चौकशी करून जमीन परत करण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. अर्जाची सुरुवात तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था या कार्यालयातून होते. व्याजाचे हप्ते दिल्याच्या चिठ्ठ्या, फोनपेच्या नोंदी, साक्षीदार, जे असेल ते जपून ठेवा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. हयातीत सगळं मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं करून देऊ नका. लागलंच तर मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि मन बदललं तर बदलता येतं. नोंदवलेलं बक्षीसपत्र आपल्या मर्जीनं मागे घेता येत नाही. द्यायचंच ठरवलं तर दस्तात स्पष्ट लिहा, की 'मुलानं आम्हा उभयतांची आमच्या हयातीपर्यंत देखभाल करायची आहे आणि या अटीवर ही मिळकत दिली आहे'. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याचं कलम २३ या अटीवर उभं आहे. अट मोडली तर प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करण्याची मागणी करता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं, की अशी अट होती हे दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला आणि एका आईला मिळकत परत दिली. पण न्यायालयाच्या उदारपणावर विसंबण्यापेक्षा दस्तातली एक ओळ केव्हाही बरी. पोटगीचा अर्जही याच न्यायाधिकरणाकडे होतो. त्यासाठी वकील लागत नाही, साध्या कागदावर स्वतः लिहून देता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. आईवडील माझ्यासमोर बसून रडतात आणि शेवटी म्हणतात, "पोराविरुद्ध कसा अर्ज करायचा?" त्यांना मी सांगतो, हा अर्ज पोराला तुरुंगात टाकायला नाही. दोन वेळचं जेवण आणि औषध हक्कानं मागायला आहे.

पोलीस ठाण्याविषयी थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून जुने दंड विधान आणि फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद आता कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न नंतर बघतात. ऑनलाईन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, आपण सांगितलं तेच लिहिलंय का बघा, आणि प्रत मागून घ्या, ती मोफत असते. ठाण्यानं फिर्याद घेतलीच नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती त्या अर्जाला जोडावी लागते, म्हणून ती फेकू नका. बाईमाणसाला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा साठीपुढच्या माणसाला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं. सायबर फसवणूक झाली तर आधी १९३० ला फोन करा, नातेवाइकांना मागाहून. पहिल्या तासाभरात पैसे अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

बियाणं उगवलं नाही तर पिशवी, तिच्यावरचं लेबल, पावती आणि मूठभर उरलेलं बियाणं ठेवा, आणि पीक मोडून नांगर घालण्यापूर्वी कृषी विभागाकडे लेखी तक्रार करून पंचनामा करून घ्या. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण नांगर फिरल्यावर आयोगापुढे ठेवायला काहीच उरत नाही.

सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. राज्य सरकारनं १ जुलै २००४ पासून ते शुल्क माफ केलं आहे. दाखल्यांच्या हंगामात पोराबाळांचे आईबाप स्टॅम्प व्हेंडरकडे रांगा लावतात, त्यांना हे कुणीतरी सांगा. जुने फेरफार, दस्त, आदेश हवे असतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज करता येतो, एक विषय आणि दीडशे शब्दांत, उत्तराला ३० दिवस. मात्र कोर्टात पुरावा म्हणून द्यायचं असेल तर नकलेचा अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कलच घ्या.

वकिलाबद्दल मी स्वतः वकील असून सांगतो. मूळ कागद वकिलाकडे ठेवू नका. कोर्टात दाखल करायची वेळ येईपर्यंत झेरॉक्सवर काम चालतं. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. फी किती आणि कशाची, हे पहिल्याच दिवशी विचारा. चांगल्या वकिलाला त्याचा राग येत नाही. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वहीत लिहून घ्या, म्हणजे ई-कोर्ट्स ॲपवर तारीख, कामकाज, आदेश तुमचं तुम्हाला दिसतं. शाळकरी नातू सुद्धा ते बघून सांगेल. जो वकील निकालाची हमी देतो त्याच्याकडून उठून या.

आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसलेल्यांसाठी शेवटचं. दर तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, तिथले सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. १९८७ च्या कायद्यानं ती आली आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो कायदा लागू आहे. सर्व स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीत असलेले, कामगार, आपत्तीत सापडलेले, आणि आपल्या राज्यात ३ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेले इतर कुणीही, यांना वकील, कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्च मोफत मिळतो. "फुकटचा वकील काय लढणार?" हे मी फार ऐकतो. मला ते पटत नाही. या कामावर नेमलेली तरुण मुलंमुली फाईल वाचून येतात, न्यायाधीशांसमोर त्यांचं नाव असतं, आणि त्यांतल्या कित्येकांचं काम मी समोरच्या बाजूनं पाहिलं आहे. घरात मारहाण होत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्जही इथूनच करता येतो. रात्री-अपरात्री १८१ किंवा ११२ आहेच.

लोकअदालतीत प्रकरण मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि तो निवाडा हुकूमनाम्यासारखा अमलात येतो. त्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीच्या अटी आदल्या दिवशी घरी बसून वाचा, बायकोला, भावाला विचारा, आणि पटलं तरच सही करा. एकाच आईच्या लेकरांचा वाद असेल तर मी नेहमीच आधी तिकडं पाठवतो. हुकूमनाम्यानं जमीन विभागली जाते. पण पुढच्या पिढीला एकाच पाटाचं पाणी पाळीपाळीनं घ्यायचं असतं, आणि ते समजुतीनं मिटलेल्या घरांत जास्त निभतं.

तालुक्याला जाणं होत नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन लावा. फोनला पैसे पडत नाहीत. आणि बाईमाणसाला या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. ती कितीही सधन घरातली असली तरी तिचा अर्ज घेतला जातो.